ओपन डेक ब्लॉक, टर्बो आणि स्लीव्ह: नेमकं काय मजबूत करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २ लिटरचं चार सिलिंडरचं ॲल्युमिनियम इंजिन, ८४ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), ओपन डेक (सिलिंडरचं वरचं टोक मोकळं), आत कास्ट आयर्नच्या पातळ स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळ्या. कंपनीतून आलं ते बिनटर्बोचं. आता टर्बो लावून ४०० अश्वशक्ती काढायची आहे, गाडी रोज चालवायची आहे आणि अधूनमधून ट्रॅकवरही न्यायची आहे. एक मशीन शॉप म्हणतं ब्लॉक गार्ड बसवा, दुसरं म्हणतं पाण्याच्या जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवती पाणी खेळतं त्या पोकळीत) सिमेंट भरा, तिसरं म्हणतं नव्या स्लीव्ह घातल्याशिवाय टर्बोचं नावच काढू नका. तुम्हाला हवंय ते एवढंच: मूळ स्लीव्ह किती बूस्टपर्यंत (टर्बोने दिलेल्या हवेच्या जादा दाबापर्यंत) टिकेल आणि या तिघांपैकी कोणाचं ऐकावं.

बूस्टचा आकडा मी देणार नाही. टाळतोय म्हणून नाही, त्या आकड्याला काही अर्थ नाही म्हणून. इनटेक मॅनिफोल्डमध्ये किती बूस्ट आहे हे स्लीव्हला कळत नाही. तिला सोसावा लागतो तो ज्वलनाच्या वेळचा सिलिंडरमधला कमाल दाब. तो दाब ठरतो बूस्ट, कॉम्प्रेशन रेशो, इग्निशन टायमिंग, इंधनाचा ऑक्टेन आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान या सगळ्यांवर. एकाच ब्लॉकवर १ बार बूस्टला एकाची स्लीव्ह चिरते आणि दीड बारला दुसऱ्याची वर्षानुवर्षं चालते, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

अश्वशक्तीचा आकडाही अर्धीच गोष्ट सांगतो. ४०० अश्वशक्ती म्हणजे साधारण ३०० किलोवॅट. ती ५००० आरपीएमला काढायची तर सुमारे ५७३ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तीच ७५०० आरपीएमला काढली तर ३८२ न्यूटन-मीटर पुरतो. २ लिटरच्या इंजिनात पहिल्या बाबतीत सरासरी परिणामी दाब ३६ बारच्या आसपास जातो, दुसऱ्या बाबतीत २४ बारच्या. डायनोच्या (शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर दोन्हीकडे ४००च छापून येईल, पण सिलिंडरच्या भिंतीच्या दृष्टीने ही दोन वेगळी इंजिनं आहेत. छोटा टर्बो लावून २८०० आरपीएमपासून सगळा टॉर्क अंगावर घेणारी गाडी चालवायला मजेची असते, पण ब्लॉकचं आयुष्य तीच खाते. म्हणून कोणी स्लीव्हबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो: टर्बो कोणता, आणि टॉर्क किती आरपीएमला येणार?

आता भिंतीकडे वळू. हिशोबासाठी कमाल दाब १२० बार धरा. टर्बो पेट्रोल इंजिनात तो सहज दिसतो. ८४ मिमी बोअरच्या पिस्टनवर यातून साडेसहा टनांहून जास्त भार येतो. भिंतीत घेराच्या दिशेने येणारा ताण काढायला सोपं सूत्र आहे: दाब गुणिले व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. स्लीव्ह ३ मिमीची असेल तर ताण येतो १६८ मेगापास्कल. साध्या ग्रे कास्ट आयर्नची ओढ सोसण्याची ताकद बहुधा २०० ते २५० मेगापास्कलच्या घरात असते, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराखाली तो त्याच्या निम्म्यावरही थकतो. म्हणजे एकटी ३ मिमीची स्लीव्ह हे काम फार दिवस करू शकत नाही. ती टिकते, कारण तिच्याभोवती ओतलेलं ॲल्युमिनियम भाराचा वाटा उचलतं. तीच स्लीव्ह ४.५ मिमीची केली तर ताण ११२ मेगापास्कलवर येतो.

पण माझ्याकडे येणाऱ्या फुटलेल्या ब्लॉकांमध्ये निव्वळ दाबाने आतून फुगून फाटलेली स्लीव्ह क्वचितच दिसते. भिंत फुटायच्या आधी बराच काळ हलत असते. पॉवर स्ट्रोकमध्ये कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो. १३८ मिमीचा रॉड धरला तर टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) १५ अंश पुढे, वरच्याच १२० बारला आणि पिस्टनचं जडत्व बाजूला ठेवून, हा बाजूचा रेटा साडेपाचशे किलोच्या वर जातो. हा रेटा नेमका सिलिंडरच्या वरच्या भागात येतो, आणि ओपन डेक ब्लॉकमध्ये आधार नसतो तोही तिथेच.

ओपन डेक म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच, तरी पुढच्या बोलण्यासाठी सांगतो. वरून पाहिलं तर सिलिंडर पाण्याच्या खंदकात उभे दिसतात. खाली ते ब्लॉकला जोडलेले असतात, वर मोकळे. क्लोज्ड डेकमध्ये वरचा भाग ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीशी एकसंध असतो, फक्त पाण्यासाठी भोकं असतात. सेमी-क्लोज्डमध्ये मधे मधे पूल असतात. ओपन डेक करतात तो उत्पादनाच्या सोयीसाठी. हाय प्रेशर डाय कास्टिंगमध्ये पाण्याच्या जॅकेटचा साचा पोलादी असतो आणि तो सरळ वर ओढून काढता यावा लागतो. कंपनीच्या मूळ शक्तीला ही रचना व्यवस्थित पुरते, शिवाय वरचा भाग चांगला थंड राहतो. होंडाच्या बी आणि के सिरीज अशाच आहेत. बीएमडब्ल्यूचं एन५५ ओपन डेक आणि त्याच घराण्यातलं एम गाड्यांसाठीचं एस५५ मात्र क्लोज्ड डेक. शक्ती वाढवायची ठरली तेव्हा कंपनीने स्वतः ब्लॉकमध्ये काय बदललं, हे त्या जोडीत स्पष्ट दिसतं.

वरचं टोक मोकळं असलं की ते प्रत्येक स्फोटाला किंचित बाजूला सरकतं आणि परत येतं. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण खुणा सोडते. हेड काढलं की गॅस्केट फेकू नका, उजेडात धरून पाहा. मल्टी-लेयर स्टीलच्या गॅस्केटवर सिलिंडरभोवती जी उठावाची कडी असते, तिच्या थ्रस्ट बाजूला (पिस्टन रेलतो त्या बाजूला) घासून चकचकीत झालेला चंद्रकोरीसारखा पट्टा दिसला तर भिंत हलत होती असं समजा. डेकवरही (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावरही) त्याच जागी नख फिरवलं की हलकी पायरी लागते. बऱ्याच गाड्यांचं 'हेड पॅकिंग सारखं उडतं', ते बदलून, स्टड बदलून, हेड घासून झालेलं असतं आणि तरी बूस्टवर पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतातच. तिथे गॅस्केट बिचारं निर्दोष असतं. त्याच्याखालची जमीनच हलत असते.

मग या हालचालीतून रिंग नीट सील करत नाहीत, ब्लो-बाय (रिंगच्या बाजूने खाली निसटणारा वायू) वाढतो, तेल जळायला लागतं, आणि शेवटी स्लीव्हच्या वरच्या कडेपासून खाली उभी चीर जाते. चीर साध्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून पाहा आणि ब्लॉकची प्रेशर टेस्ट करा, या दोन गोष्टींशिवाय जुन्या ब्लॉकवर खर्च सुरू करू नये.

या सगळ्यावर नॉक आला की हिशोबच बदलतो. नॉकमध्ये उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि दाबाच्या लाटा भिंतीवर आपटतात. तुमच्या मापाच्या बोअरमध्ये त्या लाटांची वारंवारता ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास असते. खालच्या आरपीएमला भरपूर बूस्टवर होणारं प्री-इग्निशन त्याहून वाईट, कारण मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटतं आणि पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो. तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर एपीआय एसपी दर्जाचं तेल वापरा. हा दर्जा २०२० साली आला आणि त्यात या प्री-इग्निशनची चाचणी आहे. कोणतीही स्लीव्ह सततचा नॉक सोसत नाही. महागड्या डक्टाइल आयर्नच्या स्लीव्ह जशाच्या तशा आणि पिस्टनच्या रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधल्या कडा) तुटलेल्या, असे ब्लॉक मी उघडले आहेत. मजबूत भिंत घातली की मार पुढच्या कमकुवत भागाकडे जातो. म्हणून माझ्या क्रमवारीत ट्यून, इंधन आणि इंटरकूलर आधी येतात आणि ब्लॉकचं मशीनिंग नंतर.

आता तुम्हाला सुचवलेल्या उपायांकडे येतो.

ब्लॉक गार्ड म्हणजे ॲल्युमिनियमची कापलेली कडी, जी वरून जॅकेटमध्ये बसवतात आणि सिलिंडरला बाहेरच्या भिंतीचा टेकू देतात. स्वस्त पडतं म्हणून लोकप्रिय. माझं मत फारसं चांगलं नाही, आणि त्याची कारणं आहेत. सिलिंडरचा सर्वांत तापणारा भाग वरचाच, आणि नेमकं तिथलं पाणी ही कडी अडवते. कडी घट्ट ठोकली तर बोअर आत दाबला जातो, सैल बसवली तर इंजिनाच्या कंपनाने घासत खाली सरकते. कित्येक जण ती आधी होन केलेल्या (बोअर घासून अचूक मापाला आणलेल्या) ब्लॉकमध्ये बसवतात आणि बोअर पुन्हा मोजतच नाहीत. त्यात पातळ कडी भिंतीला एका अरुंद पट्ट्यात धरते, त्यामुळे वाकण्याचा ताण कडीच्या लगेच खाली गोळा होतो. बसवायचीच असेल तर आधी बसवा, मग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून बोअर आणि होन करा, आणि कडीतल्या पाण्याच्या वाटा हेड गॅस्केटच्या भोकांशी जुळतात का ते पाहा.

पिन किंवा पोस्ट लावणं हा त्याच विचाराचा दुसरा प्रकार. बाहेरच्या भिंतीतून आटे पाडून थ्रस्ट बाजूला खुंट्या टेकवतात. पाण्याला अडथळा कमी होतो, पण खुंटी किती आवळली यावर बोअरचा आकार ठरतो. चांगला कारागीर डायल बोअर गेजचा काटा हलायला लागताक्षणी थांबतो आणि मग होन करतो. अंदाजाने आवळणाऱ्याच्या हातात हे काम देऊ नका.

सिमेंट भरणं, म्हणजे जॅकेटमध्ये ब्लॉक फिलर ओतणं, हे ड्रॅगच्या गाडीला शोभतं. काही सेकंद पूर्ण ताकद आणि मग इंजिन बंद, तिथे थंड करण्याची गरजच कमी. जॅकेट खालून काही अंतरापर्यंत भरून रस्त्यावर चालवणारेही आहेत. त्याने सिलिंडरचा खालचा भाग ताठ होतो खरा, पण तुमच्या ब्लॉकचं दुखणं वर आहे. शिवाय पाण्याकडे जाणारी उष्णता कमी झाली की तेल जास्त तापतं. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग पळवणार असाल तर ते तेल तुम्हाला बेअरिंगमध्ये त्रास देईल. एकदा भरलेलं फिलर बाहेर निघत नाही, हेही लक्षात असू द्या. तुमच्या वापराला माझा स्पष्ट नकार.

या तिघांपेक्षा वेगळा आणि मला आवडणारा मधला मार्ग म्हणजे क्लोज्ड डेक इन्सर्ट. डेकमध्ये सीएनसीवर नेमकी खोबण कापून त्यात जाड प्लेट ताणाच्या फिटने (खोबणीपेक्षा किंचित मोठी, म्हणून घट्ट) बसवतात, मग सगळा डेक एकाच वेळी फेस (कापून सपाट) करतात. प्लेट सिलिंडरला चहूबाजूंनी सारखा आधार देते आणि पाण्याची भोकं हवी तिथे, हवी तेवढी ठेवता येतात. ब्लॉक गार्डशी याची तुलना लोक करतात, पण फरक मशीनिंगच्या अचूकतेत आहे. काही जण अशी प्लेट वेल्ड करतात. ते मी टाळतो. टिग वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या ॲल्युमिनियमचं टेम्पर (कठीणपणा) उतरतं आणि ब्लॉक वाकडा झाला तर मेन बेअरिंगच्या रेषेपासून सगळं पुन्हा मोजावं लागतं.

आणि आता नव्या स्लीव्ह. इथे जरा थांबून सांगतो, कारण पैसे इथेच जातात आणि काम बिघडतंही इथेच.

बाजारात मिळणाऱ्या चांगल्या स्लीव्ह डक्टाइल आयर्नच्या असतात. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं आणि प्रत्येक पापुद्रा चिरेला वाट देतो. डक्टाइलमध्ये ते गोळ्यांसारखं असतं, चीर तिथे अडते. प्रकारानुसार त्याची ताकद ४०० ते ८०० मेगापास्कलपर्यंत जाते. पण मला ताकदीइतकाच महत्त्वाचा वाटतो तो ताठपणा. नळीचा गोल आकार बिघडू न देण्याची क्षमता जाडीच्या घनाने वाढते. ३ मिमीची भिंत ४.५ मिमी केली की ती ३.४ पट ताठ होते, त्यात डक्टाइलचा स्थितिस्थापकता गुणांक ग्रे आयर्नपेक्षा जास्त, म्हणजे एकूण साडेचार पटींच्या पुढे. जाडी मनमानी वाढवता मात्र येत नाही. दोन शेजारच्या सिलिंडरच्या मध्यांमधलं अंतर तिला मर्यादा घालतं, म्हणून स्लीव्ह जाड घेऊन वर बोअरही मोठा करायचा हा मोह आवरा. २ लिटरचं सव्वादोन करून मिळणारं टर्बो इंजिनात थोड्या जास्त बूस्टने मिळतं, पण गेलेली भिंत परत येत नाही.

बसवण्याच्या पद्धती दोन. ड्राय स्लीव्हमध्ये जुनी स्लीव्ह आणि थोडं ॲल्युमिनियम कापून, उरलेल्या ॲल्युमिनियमच्या आत नवी स्लीव्ह ताणाने बसते. वेट पद्धतीत मूळ सिलिंडर पूर्ण कापून टाकतात आणि नवी स्लीव्ह थेट पाण्यात उभी राहते, खाली ओ-रिंग आणि वर रुंद कॉलर. डार्टनची मॉड्युलर इंटिग्रेटेड डेक ही पद्धत अशीच आहे: शेजारच्या स्लीव्हच्या कॉलर एकमेकींना आणि ब्लॉकला टेकून ओपन डेकचा जवळजवळ क्लोज्ड डेक करतात. आधाराच्या दृष्टीने हा सर्वोत्तम उपाय. पण यात ब्लॉकमधून बरंच मूळ धातू जातं, त्यामुळे कापणाऱ्या माणसाच्या हातात आणि मशीनमध्ये दम हवा. वेट स्लीव्हच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात कंपनामुळे कॅव्हिटेशनचे खड्डे पडू शकतात. डिझेलवाल्यांना हा त्रास जुना आहे. साध्या नळाच्या पाण्यावर असं इंजिन चालवू नका, योग्य कूलंट भरा आणि वेळेवर बदला.

स्लीव्ह खाली उतरणं हा सर्वांत जास्त दिसणारा बिघाड. त्यामागचा हिशोब पाहा. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २१ मायक्रॉन वाढतं, आयर्न ११. ९३ मिमी बाहेरच्या व्यासाची ड्राय स्लीव्ह २० अंशांवरून १०० अंशांवर गेली, तर दोघांमधला ताण व्यासावर सुमारे ०.०७ मिमीने ढिला होतो. प्रत्यक्षात स्लीव्ह ब्लॉकपेक्षा जास्त तापते म्हणून घट थोडी कमी होते, पण गार असताना ०.०५ मिमीचा फिट पाहून समाधान मानणाऱ्याची स्लीव्ह गरम झाल्यावर जवळजवळ मोकळी असते. मग तिला धरून ठेवते ती फक्त तिची बैठक. म्हणून वर कॉलर किंवा खाली पायरी, आणि ती बैठक चारही सिलिंडरमध्ये एका पातळीत, स्वच्छ, कोपऱ्यात बुरं नसलेली हवी. बैठकीखाली एक धातूचा कण राहिला तरी स्लीव्ह आधी टेकलेली वाटते, मग चालवल्यावर तो कण दबतो, स्लीव्ह दोन शतांश मिलीमीटर खाली जाते आणि गॅस्केट सील सोडतं.

बसवताना ब्लॉक भट्टीत १५० अंशांपर्यंत तापवला की ९३ मिमीचं भोक पाव मिलीमीटर वाढतं. स्लीव्ह कोरड्या बर्फात किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गार केली की ती हाताने सरकत आत जाते. हायड्रॉलिक प्रेसने गार ब्लॉकमध्ये रेटून बसवलेली स्लीव्ह मला मान्य नाही, ती ॲल्युमिनियम खरवडत जाते आणि तिथला संपर्क तुटक राहतो. ब्लॉक २०० अंशांच्या पुढेही नेऊ नका, टेम्पर उतरतं. स्लीव्ह टेकली की ब्लॉक गार होईपर्यंत ती वरून दाबून धरायची, नाहीतर ब्लॉक आकसताना तिला उचलतो. चारही बसल्या, ब्लॉक पूर्ण निवला, की मगच डेक फेस करायचा. मल्टी-लेयर स्टील गॅस्केटसाठी पृष्ठभागाचा खरखरीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आत ठेवा. स्लीव्ह डेकच्या बरोबरीत ठेवायची की किंचित वर, हे स्लीव्ह बनवणाऱ्याने दिलेल्या मापाप्रमाणेच.

होनिंगला टॉर्क प्लेट हवीच. एकदा तुमच्या डोळ्यांसमोर मोजायला लावा. मोकळ्या ब्लॉकमध्ये बोअर गेज घातला की काटा वरपासून खालपर्यंत स्थिर दिसतो. मग जाड टॉर्क प्लेट, खरं गॅस्केट आणि तुम्ही वापरणार तेच स्टड त्याच टॉर्कला आवळायचे आणि पुन्हा गेज घालायचा. वरच्या पंचवीस-तीस मिलीमीटरमध्ये काटा स्टडच्या दिशेला एकीकडे जातो आणि दोन स्टडच्या मधे दुसरीकडे. कित्येक ब्लॉकमध्ये हा फरक दोन-तीन शतांश मिलीमीटरचा असतो, तर मला तयार बोअर एक शतांशाच्या आत गोल हवा असतो. पहिली रिंग नेमकी त्याच वरच्या भागात काम करते. मेन कॅपही टॉर्क करूनच होन करा, त्यांनीही बोअर ओढला जातो. मूळ बोल्ट काढून नंतर जास्त ताकदीचे स्टड घालणार असाल तर हे सगळं त्या स्टडवरच व्हायला हवं.

थोडक्यात इथपर्यंतचं: भार टॉर्क आणि नॉक ठरवतात, दुखणं वरच्या टोकाच्या हालचालीचं आहे, आणि कोणताही आधार दिला तरी शेवटी बोअर गोल राहिला पाहिजे.

आता तुमच्या गाडीचं. उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्हीच ठरवायच्या आहेत. टर्बो असा निवडलात की टॉर्क ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास राहील आणि शक्ती वरच्या आरपीएमला येईल, इंधन भरवशाचं आहे, ब्लॉकच्या बोअरची झीज मर्यादेत आहे आणि कुठे चीर नाही, तर मी मूळ स्लीव्ह ठेवून क्लोज्ड डेक इन्सर्ट, चांगले स्टड आणि टॉर्क प्लेटचं होनिंग एवढंच करेन. उलट तुम्हाला खालपासून साडेपाचशे न्यूटन-मीटर हवे असतील, किंवा बोअर झिजल्यामुळे ओव्हरसाइज पिस्टनसाठी मूळ पातळ स्लीव्ह आणखी कापावी लागणार असेल, तर वेळ आणि पैसा आधीच्या उपायांवर घालवू नका. सरळ कॉलरवाल्या डक्टाइल स्लीव्ह घाला. ब्लॉक आधीच उघडलेला आणि कापायचाच असताना अर्धा उपाय महाग पडतो.

पिस्टनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण स्लीव्हच्या मापाशी ते जोडलेलं आहे. बिनटर्बोच्या इंजिनातले मूळ कास्ट पिस्टन या शक्तीला ठेवू नका. फोर्ज्डमध्ये २६१८ मिश्रधातू नॉकला जास्त सोसतो पण जास्त फुगतो, ४०३२ कमी फुगतो आणि गार असताना कमी खडखडतो. त्यामुळे बोअरमधली फट पिस्टनवाल्याच्या कागदाप्रमाणे, आणि पिस्टन हातात आल्यावर प्रत्येकाचं माप घेऊन त्या त्या सिलिंडरला होन करायचं. पिस्टन यायच्या आधी अंतिम होन करून देतो म्हणणाऱ्या शॉपपासून लांब राहा. टर्बोसाठी वरच्या रिंगची गॅप बोअरच्या दर १०० मिमीला ०.५५ ते ०.६ मिमी धरली तर तुमच्याकडे ०.४६ ते ०.५ मिमी येते. ती कमी ठेवली की तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग लँड उखडते. मग लोक दोष स्लीव्हला देतात.

ब्लॉक आयर्नचा असता, म्हणजे ४जी६३, आरबी२६ किंवा २जेझेड यांच्यासारखा, तर हे बहुतेक सगळं बाजूला ठेवून मी फक्त अल्ट्रासॉनिक गेजने भिंतीची जाडी सगळीकडे मोजून घ्या म्हटलं असतं. तिथे कास्टिंगच्या वेळी कोर सरकल्याने एक बाजू पातळ असू शकते, आणि स्लीव्ह बहुधा दुरुस्ती म्हणूनच घालतात.

शेवटी तुम्ही विचारलंत की इंजिन गाडीतच ठेवून, फक्त हेड काढून यातलं काही करता येईल का. ब्लॉक गार्ड तेवढा बसेल, आणि तो बसवल्यावर बोअर नीट मोजता, होन करता येणार नाही, म्हणूनच तो तसा बसवू नये. बाकी सगळ्याला ब्लॉक पूर्ण मोकळा लागतो: क्रँक बाहेर, ऑइल गॅलरीचे प्लग काढलेले, काम झाल्यावर गॅलरी ब्रशने धुतलेल्या. ब्लॉक उघडलात की चारही बोअरचं माप वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात घ्या, डेक सरळपट्टी लावून तपासा आणि जुन्या गॅस्केटच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. ती मापं आणि टर्बोचं नाव कळवलंत तर इन्सर्ट की स्लीव्ह, हे नक्की सांगता येईल.